अण्णांचं जनता, तीन मेलेली घड्याळं आणि एक सेकंद काटा

अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, घड्याळ दिवाळीच्या आवराआवरीत सापडलं, मी सहज चावी दिली आणि ते टिकटिक करायला लागलं, इथेच सगळा घोळ झाला. बंदच राहिलं असतं तर परत आईच्या बटणांच्या डब्यात गेलं असतं आणि माझे पुढचे सात महिने आणि साधारण सहा हजार रुपये वाचले असते.

घड्याळ काही फार भारी वगैरे नाही. एचएमटी जनता. १७ ज्वेलचं (ज्वेल म्हणजे चक्रांच्या दांड्या टेकतात ते बारीक खडे), रोज चावी द्यायचं. १९६१ साली बंगळूरला जपानच्या सिटीझन कंपनीच्या मदतीनं एचएमटीचा घड्याळांचा कारखाना उभा राहिला आणि मग पुढची पंचवीसेक वर्षं आपल्याकडे लग्नात जावयाला काय आणि रिटायरमेंटला साहेबांना काय, एचएमटीच. अण्णा झेडपीच्या शाळेत मास्तर, त्यांनी हे साताऱ्यात घेतलं १९७८ ला, आणि नंबर लावून घेतलं हे दर वेळी सांगायचे. पुढे मी माझ्या पहिल्या पगारातून त्यांना सेलवरचं चकचकीत घड्याळ आणून दिलं आणि हे डब्यात गेलं. म्हणजे मूळ गुन्हेगार मीच.

तर ते चालू झालं पण दुपारपर्यंत सात मिनिटं पुढे. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर वीसेक मिनिटं. म्हटलं सर्व्हिसिंग करून घेऊ. घराजवळच्या एका दुकानात नेलं, त्या माणसानं मागचं झाकणही न उघडता सांगितलं, डायल पिवळी पडलीय नवीन टाकतो, काटे नवीन, केसला, म्हणजे बाहेरच्या डबीला, पॉलिश, बाराशेत चकाचक करून देतो, ओरिजिनलच वाटेल. मी जवळजवळ हो म्हणालो होतो. त्यातल्या 'वाटेल' या शब्दावर गाडी अडली. ऑफिसात एक जण जुनी घड्याळं जमवतो, त्याला सहज फोटो पाठवला तर त्याचा उलट फोनच आला, 'कुणाला हात लावू देऊ नको, मी पत्ता पाठवतो तिथे जा.'

पत्ता म्हणजे पुण्यात लक्ष्मी रोडच्या आतल्या गल्लीतला एक जिना, आणि त्या जिन्याखाली एक टेबल. टेबलामागे काका. वय पंचाहत्तरच्या पुढे, डोळ्याला आयग्लास, समोर काचेचे उलटे घातलेले लहान वाडगे आणि प्रत्येक वाडग्याखाली कुणाचं तरी उघडलेलं घड्याळ. बोर्ड नाही, कार्ड नाही, फोन घेतात पण बोलत नाहीत.

काकांनी पहिलं काय केलं असेल तर ड्रॉवरमधून शाळेतलं छोटं होकायंत्र काढलं आणि घड्याळ त्याच्याजवळ नेलं. सुई हलली. 'मॅग्नेट बसलंय. कशाशेजारी ठेवलं होतं?' आईच्या डब्यात पर्सची लोहचुंबकाची बटणं होती हे मला घरी गेल्यावर आठवलं. हेअरस्प्रिंगला, म्हणजे घड्याळाची चाल ठरवणाऱ्या केसासारख्या बारीक स्प्रिंगला, मॅग्नेट बसलं की तिचे वेढे एकमेकांना चिकटतात, स्प्रिंग जणू आखूड होते आणि घड्याळ पळत सुटतं. काकांनी ते दोन मिनिटांत काढून टाकलं. मग चाल तपासायच्या एका लहान चायनीज मशीनवर घड्याळ अडकवलं, स्क्रीनवर ठिपक्यांच्या रेघा आल्या. वीस मिनिटांचे चारवर आले होते, पण खाली उतरायला तयार नाही. अँप्लिट्यूड १७० अंश. म्हणजे बॅलन्सचं चाक, जे मागेपुढे झुलत ठोके देतं, ते जेवढं झुलायला पाहिजे त्याच्या जेमतेम दोन-तृतीयांशच झुलतंय, चांगल्या सर्व्हिसिंगनंतर ते २६०-२७० तरी यायला हवं.

'यात आधी कुणीतरी हात घातलाय,' काका म्हणाले आणि आयग्लास माझ्याकडे दिली. मला पहिले पाच मिनिटं काहीच दिसलं नाही, स्वतःच्या पापण्याच दिसत होत्या. मग दिसलं. हेअरस्प्रिंगचा बाहेरचा वेढा एका जागी कोपरा मोडल्यासारखा वाकलेला. फास्ट-स्लोची पट्टी पार स्लोच्या टोकाला ढकललेली. स्क्रूच्या डोक्यांवर ओरखडे. कुणीतरी कधीतरी चिमट्यानं ती स्प्रिंग सरळ करायला गेला असणार आणि मग पट्टी ढकलून वेळ मारून नेली असणार, शब्दशः.

मग त्यांनी एकेक सांगायला सुरुवात केली. बॅलन्स गेलेला. मेनस्प्रिंग, म्हणजे चावी दिली की गुंडाळली जाते ती मोठी स्प्रिंग, थकलेली. सेकंद काटा या घड्याळाचा नाही. चावी या घड्याळाची नाही. काच नंतरची आहे पण चालेल. मी वहीत लिहून घेत होतो आणि शेवटी विचारलं, मग यात ओरिजिनल राहिलंय काय? काका म्हणाले, 'पट्टा तर नक्कीच नाही.'

डायलबद्दल मात्र ते काही बोलले नाहीत, त्यामुळे मीच विषय काढला. कारण मी दरम्यान घरचा अल्बम चाळला होता. १९८२ मधलं आत्याचं लग्न, अण्णा अक्षता टाकतायत, हात वर, शर्टाची बाही मागे सरकलेली आणि मनगटावर हेच घड्याळ. फोटो स्कॅन करून मोठा केला, फार काही दिसत नाही, पण डायल पांढरी स्वच्छ दिसते. आणि आत्ताची डायल चहात बुडवलेल्या पावासारख्या रंगाची. तर माझी खात्री पटलेली की डायलही कुणीतरी बदललीय.

काकांनी काही वाद घातला नाही. काटे उचलले, मशीन, म्हणजे आतलं सगळं यंत्र, केसमधून काढलं आणि डायल उन्हाकडे धरली. कडेला, जिथे ती केसच्या कठड्याखाली दबलेली असते तिथे, नखाच्या टोकाएवढ्या रुंदीचं पांढरं कडं. अगदी फोटोतल्यासारखं पांढरं. आणि मध्यभागी काट्यांच्या मुळाशी तसाच एक पांढरा ठिपका. बाकी सगळी इतक्या वर्षांच्या उजेडानं आणि घामानं पिवळी झालेली. 'रंगवलेली डायल कडेपर्यंत सारखी असते. ही तुमच्या वडिलांच्या हातावर पिवळी झालीय. ही घासायची नाही, धुवायची नाही, मला परत विचारायचंही नाही.'

त्या बाराशेवाल्याकडे घड्याळ टाकलं असतं तर हीच डायल पहिल्यांदा कचऱ्यात गेली असती. मला अजून आठवलं तरी कसंतरी होतं.

हे रंगवलेल्या डायलींचं प्रकरण मोठं आहे बरं का. परदेशातले घड्याळवेडे लोक 'मुंबई स्पेशल' असा शब्द वापरतात आणि तो कौतुकानं वापरत नाहीत. जुनं एचएमटी किंवा स्विस मशीन घ्यायचं, डायल खरवडून त्यावर भगवा, निळा, पोपटी असला झगझगीत रंग मारून नावं छापायची, मिळेल त्या केसमध्ये बसवायचं आणि नेटवर 'मिंट कंडिशन' म्हणून विकायचं. जनताची देवनागरी डायलवाली तर इतकी निघालीत की आता खरंच जुनं कुणी दाखवलं तरी लोक आधी संशय घेतात. ओळखायला फार विद्या लागत नाही, अक्षरं जाडी असतात, शाई कडेला फुटलेली असते, मिनिटांच्या रेघा आणि वर चिकटवलेल्या खुणा एका रेषेत नसतात. मला राग त्या छपाईवाल्यांचा नाही येत खरं तर, पोट आहे त्यांना. राग येतो तो त्या प्रत्येक डायलमागे एक खरी डायल खरवडली गेलीय याचा.

असो. तर पार्ट. नवीन पार्ट कंपनीकडून मागवायचा प्रश्नच नाही कारण घड्याळांची ती कंपनीच बंद झाली. जानेवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारनं एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली, त्याच्या थोडं आधी लोक आठवण म्हणून घ्यायला झुंबड करत होते ते आठवत असेल. स्विस घड्याळवाल्यांचं दुखणं वेगळं आहे, तिथे पार्ट बनतात पण देत नाहीत. स्वॉच ग्रुपनं २०१६ पासून त्यांच्या अधिकृत सेंटरबाहेरच्या घड्याळजींचा पुरवठा आवळला आणि युरोपात त्यावरून कोर्टकचेऱ्या झाल्या. आपल्याकडे कोर्टात जायला समोर कुणी नाही. जे काही पार्ट आहेत ते बनून झालेले आहेत आणि इकडून तिकडे फिरतायत. एखाद्या म्हाताऱ्या घड्याळजीचं दुकान बंद होतं, त्याच्या ड्रॉवरमधल्या पुड्या वॉच मटेरियलवाल्याकडे जातात, तिथून दुसऱ्या घड्याळजीकडे. नाहीतर मग डोनर, म्हणजे मेलेलं घड्याळ घ्यायचं आणि त्यातला अवयव काढायचा.

मेनस्प्रिंगचा प्रश्न काकांनी अर्ध्या मिनिटात मिटवला. मी आपला नवशिक्याच्या उत्साहात, ओरिजिनल मेनस्प्रिंग शोधू का, म्हटलं. ते म्हणाले कशाला? जुनी निळ्या पोलादाची स्प्रिंग पाकिटात बंद असली तरी शेवटी पोलादच ते, गंजते, थकते, एक दिवस कट्कन तुटते आणि जाताना शेजारच्या चक्राचे दात घेऊन जाते. रुंदी, जाडी, लांबी मापात बसणारी नवीन पांढरी स्प्रिंग टाकायची, ती थकतही नाही आणि गंजतही नाही. काचेचंही तेच, अनब्रेकेबल काच कुठलीही मापाची चालते, चरे पडले तर टूथपेस्टनं घासून जातात. ती खर्चायचीच वस्तू आहे. चपलेचा तळवा बदलला म्हणून चप्पल दुसरी होत नाही. पण जे डोळ्याला दिसतं, आणि जे एकमेकांशी जुळवून बसवलंय, तिथे मात्र त्याच कुळातलं पाहिजे. डायल, काटे, केस, आणि बॅलन्स.

बॅलन्सचं असं की चाक आणि हेअरस्प्रिंग जोडीनंच घ्यावं लागतं. हे मशीन तासाला १८,००० ठोके देतं, म्हणजे सेकंदाला पाच, आणि ते पाचच पडावेत म्हणून त्या चाकाच्या वजनाला ती स्प्रिंग कारखान्यात जुळवून बसवलेली असते. एकाची स्प्रिंग दुसऱ्याच्या चाकाला लावली तर घड्याळ चालेल, पण कुणाची वेळ दाखवेल ते सांगता येत नाही.

सुदैवानं जनताचं ०२३१ नंबरचं मशीन एचएमटीच्याच पायलट मॉडेलमध्येही आहे, आणखी बऱ्याच मॉडेलमध्ये आहे, त्यामुळे डोनर दुर्मिळ नाही. एचएमटीचंच सोना पातळ, त्याचं मशीन वेगळं, ते घेऊ नका एवढं काकांनी बजावलं. आणि मी निघालो शिकारीला.

पहिला डोनर नेटवरून घेतला. फोटो फक्त पुढून, 'फॉर पार्ट्स', साडेसहाशे अधिक कुरिअर. उघडलं तर आत गंजाचा चुरा, चक्रं एकमेकांत वितळल्यासारखी. काकांनी झाकण लगेच बंद केलं, जसं डॉक्टर चादर ओढतात तसं. धडा एक, मशीनचा फोटो मागायचा, देत नसेल तर समजून जायचं.

दुसरा जुन्या बाजारात. रविवारी सकाळी सातला मंगळवार पेठेत गेलो, तिथे एक जण जमिनीवर चादर टाकून रिमोट, कात्र्या, बंद मोबाइल आणि घड्याळांचा ढीग घेऊन बसलेला. ढिगात जनता होतं, काच फुटलेली, पट्टा नाही. सहाशे म्हणाला, साडेतीनशेला दिलं. उड्या मारत काकांकडे गेलो. त्यांनी उघडलं, फुंकर मारली, चावी दिली आणि ते चालायला लागलं. नुसतं नाही, अण्णांच्यापेक्षा चांगलं. मशीनवर लावलं तर रेघा सरळ. मी म्हटलं वा, काढा बॅलन्स. काकांनी आयग्लास कपाळावर सरकवली आणि माझ्याकडे असं बघितलं की बस. 'चालतं घड्याळ फोडायचं नाही. निदान या टेबलावर नाही.' मी म्हटलं अहो पण माझ्या वडिलांचं... 'हेही कुणाच्यातरी वडिलांचंच आहे.' मागच्या झाकणावर खरंच काहीतरी कोरलेलं होतं, झिजून गेलेलं, 'सप्रेम भेट' एवढं वाचता येत होतं. तर आता माझ्याकडे दोन जनता झाली. बायकोला मी हे अजून नीट सांगितलेलं नाही, ती हा ब्लॉग वाचत नाही.

तिसरा मिळाला मुंबईत. ऑफिसच्या कामाला गेलो होतो, संध्याकाळची गाडी, मधे दोन तास, म्हटलं क्रॉफर्ड मार्केटकडे अब्दुल रहमान स्ट्रीटच्या बाजूला मटेरियलवाले आहेत तिथे जाऊन बघू. एका पोटमाळ्यावरच्या दुकानात शिरलो. भिंतभर पत्र्याचे लहान लहान खण, त्यावर हातानं लिहिलेले नंबर. मी म्हटलं, जनता का सामान चाहिए. माणूस वर न बघता म्हणाला, 'नाम नहीं, कॅलिबर बोलो.' म्हणजे मशीनचा नंबर. ०२३१ म्हटल्यावर खण उघडला. पॉलिथिनच्या पिशवीत नुसती मशीनं, ना डायल ना केस, एखाद्या मिठाईसारखी मोजून द्यायची. मी आता अर्धा शहाणा झालेलो, एकेक हातात घेऊन हलकंच गोल फिरवून बघत होतो, बॅलन्स मोकळा झुलतो का, स्प्रिंगचे वेढे एका पातळीत आहेत का. चौथं पसंत पडलं. मेनस्प्रिंग तुटलेली, बाकी ठणठणीत. चारशे रुपये. मनाला बरं वाटलं की हे तसं चालत नव्हतं, काका ओरडणार नाहीत.

मग सेकंद काटा काढला विषय. तो म्हणाला, 'कौनसा? सफेद, पीला, काला? लंबाई? नमुना लाये?' नमुना म्हणजे जुना काटा, तो पुण्याला काकांच्या वाडग्याखाली. आणि तसाही तो चुकीचाच होता, त्याचा नमुना नेऊन चुकीचाच आला असता. अण्णांच्या घड्याळातला काटा मिनिटांच्या रेघांच्या बराच अलीकडे संपतो, एकदा कळल्यावर ते दिसायचं थांबत नाही, म्हणजे अख्खी पंगत बसलीय आणि वाढपी मधूनच मागे फिरतोय असं. हेही त्या आधीच्या कारागिराचंच काम असणार.

काट्याचा घोळ लांबीचा कमी आणि भोकाचा जास्त आहे. मागे एक केसाएवढी नळी असते, ती मधल्या दांड्यावर दाबून बसते. नळी सैल असेल तर काटा बारापाशी आला की खाली गळतो, घट्ट असेल तर बसवताना दांडाच वाकतो. लोक नळी चिमट्यानं आवळून बसवतात, काही दिवस चालतं. एक काटा मी नेटवरून 'जुना स्टॉक, ओरिजिनल' म्हणून मागवला, तो लांबीला बरोबर आणि नळीला सैल. दुसरा नळीला बरोबर पण इतका नवाकोरा पांढरा चमकणारा की त्या पिवळ्या डायलवर नवरदेव म्हाताऱ्यांत बसल्यासारखा. काका म्हणाले बसवतो, तुम्हाला सवय होईल. मी नको म्हटलं. पहिल्यांदाच मी त्यांना नको म्हटलं आणि ते खुश झाले असं मला वाटलं, कारण चहा सांगितला.

काटा शेवटी मिळाला तो पहिल्या डोनरमधून. त्या गंजलेल्या, साडेसहाशेच्या, शिव्या घालून बाजूला टाकलेल्या घड्याळातून. आत सगळं सडलेलं पण काचेखाली काटे कोरडे राहिलेले, आणि तेही तेवढेच पिवळट झालेले. चार महिने तो माझ्या टेबलाच्या खणात पडून होता आणि मी जगभर शोधत होतो. आता काय बोलायचं.

चावीची गोष्ट लहान आहे. बरोबर मापाची जुनी चावी मटेरियलवाल्याकडून सोबत आणलीच होती, ऐंशी रुपये. आईला दाखवली, म्हटलं बघ, आता अगदी मूळ होतंय. आई म्हणाली, 'ती मोठी चावी त्यांनी मुद्दाम बसवून घेतली होती. हाताला फ्रॅक्चर झालं होतं ना तेव्हा, बारीक चावी बोटात धरता यायची नाही.' हे फ्रॅक्चर मला आठवतं, मी चौथीत होतो, अण्णा शाळेच्या छपराची कौलं बघायला चढले होते आणि पडले. दोन-अडीच महिने उजवा हात प्लॅस्टरमध्ये आणि नंतरही ती बोटं कधी पूर्ण वळली नाहीत. घड्याळ ते डाव्या हातात घालायचे, चावी उजव्यानं.

काकांना फोन केला की चावी जुनीच राहू द्या. पलीकडून काहीच आवाज नाही. म्हटलं काका, ऐकलं का. 'मापात नाहीये ती,' ते म्हणाले. म्हटलं माहितीय. 'धूळ जाईल आत.' म्हटलं जाऊ दे, दोन वर्षांनी परत धुवायला आणतो. 'तीन,' म्हणाले आणि ठेवला.

घड्याळ मे महिन्यात मिळालं. अँप्लिट्यूड २६५, दिवसाला दहा-बारा सेकंद पुढे, रोज सकाळी चहाच्या आधी चावी. केसच्या कडेला क्रोम उडून पितळ दिसतं ते तसंच ठेवलंय. काढलेले सगळे पार्ट काकांनी न मागता एका कागदाच्या पुडीत दिले, आणि हे मी प्रत्येकाला सांगत असतो की पुडी मागा, जो कारागीर जुना पार्ट परत देत नाही त्याच्याकडे परत जाऊ नका. माझ्या पुडीत वाकडी हेअरस्प्रिंग बॅलन्ससकट, थकलेली मेनस्प्रिंग आणि तो आखूड काटा आहे.

डोनरचं उरलेलं मशीन मात्र काकांनी ठेवून घेतलं, म्हणाले लागेल कुणालातरी. मागच्या आठवड्यात दुसरं जनता सर्व्हिसिंगला टाकायला गेलो तेव्हा एक कॉलेजातली मुलगी आजोबांचा पायलट घेऊन बसली होती, त्याची सेटिंग लिव्हर, म्हणजे चावी ओढून वेळ लावायची पट्टी, तुटलेली, आणि काका वाडग्याखालून माझ्याच मशीनची लिव्हर काढून तिला बसवत होते. म्हटलं काका, ते माझं आहे ना, मग मला काही डिस्काउंट? वर न बघता म्हणाले, 'तिला दिलाय.'